पंपवाले वारले

"दादा, त्याचं ते पत्र अजून आहे का रे तुझ्याकडे?" बहिणीने दारात चपला काढता काढताच विचारलं.

कोणतं पत्र, हे विचारायची गरज नव्हती. मी उत्तर न दिलेलं पत्र एकच होतं. बाकीच्यांना मी नको इतकी लांबलचक उत्तरं लिहीत आलो आहे. ते एक मात्र शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात घडी घालून पडलं होतं. पत्र तिच्या नवऱ्याचं. तिला सोडून दुसरीकडे संसार मांडल्यावर वर्षभराने त्याने लिहिलं, तेही तिला नाही, मला. 'मोबाइलचा नंबर तिच्या नावावर आहे. माझा धंदा त्याच्यावर चालतो. तिची सही मिळाली की माझ्या नावावर करून घेईन. ती तुमच्या शब्दाबाहेर नाही. उत्तराची वाट पाहतो.'

तेव्हा तिने पत्र वाचून मला परत दिलं होतं. "उत्तर देऊ नकोस. बघू दे वाट. मी बघितली तशी."

मी छापखान्यात मुद्रितं तपासण्यात जन्म घालवला. भांडण मला कधी जमलं नाही. समोरच्याला द्यायचं उत्तर मला जिना उतरताना सुचतं. पण उत्तर न देणं जमलं. त्या माणसाविरुद्ध मी केलेला पराक्रम म्हणाल तर तेवढाच, आणि त्यातही मला हातपाय हलवावे लागले नव्हते.

"आहे," मी म्हणालो. "का गं?"

"असू दे. लागेल. तो येऊन गेला आज."

त्याला गावभर पंपवाले म्हणत. इमारतींच्या टाक्या, शाळा, खानावळी, कारखाने, जिथे जिथे पाणी वर चढवायचं तिथे तो. दुरुस्त केलेल्या प्रत्येक पंपावर तो तैलरंगाने स्वतःच्या हाताने नंबर रंगवायचा. त्याचं नाव कोणाला ठाऊक नव्हतं, नंबर सगळ्यांना पाठ. नंबर घेतला तेव्हा त्याच्याकडे पाने आणि पक्कड होती, ओळखीचा कागद एकही नव्हता. बहिणीला नोकरी होती, म्हणून तो तिच्या नावावर घेतला. ती मोठ्या हॉस्पिटलात टेलिफोन बोर्डावर होती. फोन उचलून 'बोला' म्हणायची, त्यावरून तिथे तिचं नावच पडलं बोलाबाई.

आता झालं होतं असं, की टाकीत वाकताना त्याचा फोन खिशातून सुटून थेट पाण्यात गेला. सिम काढून दुसऱ्या फोनात घालावं तर काढायला काही नव्हतंच. मध्यंतरी कोणाच्या तरी सल्ल्याने त्याने डिजिटल सिम करून घेतलं होतं, ते फोनच्या पोटात. फोन गेला तसा नंबरही गेला. नवा फोन घेतला, तर कंपनी म्हणते, ज्यांच्या नावावर नंबर आहे त्यांना आणा.

"मग तू काय म्हणालीस?"

"उद्या सकाळी दुकानात या म्हटलं. तूही चल."

"मी कशाला?"

"बघायला."

मला वाटलं, हिने माफ केलं. खोटं कशाला लिहू, थोडा हिरमुसलो.

दुकान काचेचं आणि गारेगार होतं. तो आधीच येऊन बसला होता. केस पांढरे झाले होते. नव्या फोनचा खोका तान्ह्या पोरासारखा मांडीवर धरला होता. मला बघून उठला. "या दादासाहेब! वाचन काय म्हणतंय?" पूर्वी तो चारचौघांत माझी ओळख करून द्यायचा, 'हे आमचे मेहुणे. दिवसभर वाचतात, त्याचाच पगार घेतात.' लोक हसायचे. मीही हसायचो.

काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "नंबर कोणाच्या नावावर आहे?"

"माझ्या," बहीण म्हणाली. तिने ओळखपत्र ठेवलं, कॅमेऱ्यात बघितलं, सही केली, आलेले आकडे वाचून दाखवले. मग मुलीने पडदा आमच्याकडे वळवला. त्यावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन होता.

"हा नव्या फोनच्या कॅमेऱ्याने टिपायचा. एकदाच चालतो हं, म्हणून नीट. कोणत्या फोनवर घेताय?"

तो खोक्याचं प्लास्टिक दातांनी फाडू लागला. बहिणीने पर्स उघडली, स्वतःचा फोन काढला आणि काउंटरवर ठेवला.

"ह्याच्यावर."

"अगं, तो तुझा फोन आहे," तो म्हणाला.

"नंबरही माझाच आहे."

"काका," मुलगी चाचरत म्हणाली, "मॅडम सांगतील त्याच फोनवर द्यावा लागतो."

"तुम्ही मध्ये पडू नका. हा घरातला मामला आहे."

"कोणाच्या घरातला?" बहिणीने विचारलं. आवाज जराही चढला नव्हता. तिने फोन चौकोनासमोर धरला. त्याच्या तोंडात प्लास्टिकचा तुकडा तसाच राहिला होता.

आम्ही रस्ता ओलांडतो न ओलांडतो तोच फोन वाजला.

"बोला."

"पंपवाले आहेत का?" पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला. चुकीचा नंबर म्हणून ती ठेवून देईल, असं मला वाटलं.

"ते वारले," ती म्हणाली.

बोर्डावरचाच आवाज, ना मऊ ना कठोर. असल्या बातम्या तिने जन्मभर त्याच आवाजात दिल्या होत्या.

"अगं, जिवंत माणसाला..."

"बोर्डावर आम्ही म्हणायचो, पेशंट आता आपल्याकडे नाही. हाही नाही."

पहिले काही दिवस आम्हा दोघांना अगदी सणासारखे गेले. संध्याकाळी मी तिच्याकडे जायचो आणि ती दिवसभरातले फोन नक्कल करून ऐकवायची. खानावळवाला म्हणाला होता, "वारले? अहो, मग माझी मोटर?" कारखान्याचा पहारेकरी म्हणाला होता, "सोमवारपर्यंत तरी येतील का?" त्या माणसाच्या मरणावर आम्ही चहाचे कप रिचवले. एरवी मी एवढा हसणारा नाही.

मग फोन बदलत गेले. खरं तर फोन तेच, लोक थोडं जास्त बोलू लागले. शाळेचा शिपाई म्हणाला, "शिव्या घालायचे हो, पण पाणी चढल्याशिवाय जागचे उठायचे नाहीत." मग त्याने विचारलं, "आपण त्यांच्या कोण?"

ती म्हणाली, "बायको."

किती वर्षांनी तिने तो शब्द उच्चारला असेल, कोण जाणे. पुढे पुढे ती कोणी विचारण्याआधीच सांगू लागली. "ते वारले. मी त्यांची बायको." माझ्या ते लक्षात आलं.

एका संध्याकाळी ती मटार सोलत होती. हात ओले, म्हणून फोन स्पीकरवर टाकलेला. कोणी म्हातारी होती, तिसऱ्या मजल्यावरची. "अगोबाई, वारले?" म्हणून ती रडायलाच लागली. बहिणीने तिला सावकाश समजावलं, वय झालं होतं, त्रास झाला नाही वगैरे. म्हातारी एकदम म्हणाली, "तुम्हीच का त्या हॉस्पिटलच्या बोर्डावरच्या? सारखं सांगायचे. आमच्या मंडळींचा आवाज ऐकला ना, की घाबरलेला माणूस निम्मा बरा होतो. खरंच गं बाई. माझं रडू थांबलं बघ."

"कधी सांगायचे?"

"नेहमीच की. मागच्या महिन्यात वॉशर बदलायला आले, तेव्हासुद्धा."

फोन बंद झाला. मटारचे दाणे भांड्यात जोरजोरात पडू लागले.

"तिला सांगितलं," बहीण म्हणाली. "वॉशर बदलता बदलता. आणि मला? एकदा तरी?"

"काही माणसांना तोंडावर बोलता..."

"तू गप्प बस दादा. बरं झालं मारलं. पुन्हा मारावंसं वाटतंय."

दोन-तीन दिवसांनी तो आला. मी तिथेच होतो. हातात तो नवा फोन, नंबराविना.

"मारून टाकलंस मला तू!" तो दारातूनच ओरडला. "वाणी मला बघून पोत्यावर बसला. शाळेत पोरांना उभं करून शांतता पाळली माझ्यासाठी. मी पंप बघायला गेलो, तर शिपाई आत पळाला! कामाला कोण बोलावणार आता? मेलेल्याला कोण बोलावतो?"

"आपण कोण?" बहिणीने विचारलं.

"मस्करी पुरे झाली. दादासाहेब, तुम्ही तरी सांगा हिला."

आणि आयुष्यात प्रथमच उत्तर मला जिन्यात नाही, जागेवर सुचलं. "मी काय सांगणार? मी दिवसभर वाचतो."

तो हसला नाही. पायरीवरच बसला. बोटांच्या नखांत ग्रीस होतं. बहीण त्याच्या चेहऱ्याकडे नाही, त्या बोटांकडे बघत होती.

"एक ओळ नाही आली एवढ्या वर्षांत," तो हळू म्हणाला. "हो म्हण, नाही म्हण. काहीतरी उत्तर दे."

"येईल. टपालाने." तिने दार लावलं, हलकेच.

मग माझ्यासमोर कागद ठेवला. "लिही दादा. आपलं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला."

"क्षमस्व लिहू?"

"नको." ती उभी राहूनच सांगत होती. "पंपवाले वारले, असं त्यांच्या बायकोने सगळ्यांना कळवलं आहे. ते ती मागे घेणार नाही. नंबर आपण घ्यावा. सहीचा कागद सोबत आहे. फोन येतील, विचारतील, पंपवाले आहेत का. प्रत्येकाला सांगायचं, ते वारले, मी दुसरा. एवढं सांगणार असाल तरच घ्या."

"सांगेल तो?"

"सांगावं लागेल. मग लोक त्याच्याबद्दल चांगलं बोलतील. ते त्याला मुकाट ऐकून घ्यावं लागेल. मला लागलं तसं."

मी पाकिटावर 'श्री.' लिहून त्याचं नाव घातलं. थोडा वेळ बघत राहिलो. मग 'श्री.' खोडून 'कै.' केलं. जन्मभर दुसऱ्यांची मुद्रितं सुधारली, एवढी सुधारणा माझी स्वतःची. बरोबर की चूक, अजून खात्री नाही. बहिणीने ते पाहिलं आणि पाकीट बंद केलं.

टपालपेटीपर्यंत ती माझ्याबरोबर आली. पेटीशी पोचलो आणि तिच्या पर्समध्ये फोन वाजू लागला. बोर्डावर असताना तिने कधी दुसरी घंटा होऊ दिली नव्हती. आता ती पर्स छातीशी घट्ट धरून उभी होती आणि फोन वाजत होता.

"टाक," ती म्हणाली.

मी पाकीट आत सोडलं. पेटी रिकामी असावी. ते तळाला पडल्याचा आवाज आला, आणि मग फोनही थांबला.