किलोमीटरमागचा हिशेब

गल्लीभर तिला तिकीटमावशी म्हणत. ट्रॅव्हल कंपनीच्या खिडकीत बावीस वर्षं बसून तिने अर्ध्या शहराला विमानात बसवलं होतं. पगार बेताचाच, पण वर्षाकाठी एक फुकट तिकीट मिळे. यंदाचं तिने जपून ठेवलं होतं, कारण परदेशात तिची लेक बाळंत व्हायची होती. पहिलटकरीण, जवळ बाईमाणूस कोणी नाही, आणि दिवस भरत आलेले.

तेवढ्यात मालकांनी फुकट तिकिटं बंद केली. का, तर खर्च परवडत नाही! आणि त्याच आठवड्यात या महाशयांनी स्वतःसाठी अंतराळयानात जागा घेतली. लाज कोळून प्यायला होता माणूस. वर, बड्या गिऱ्हाइकांच्या बैठकीत त्या सफरीच्या खर्चाचा तक्ता वाचायचं काम मावशीच्याच गळ्यात मारलं.

तक्त्याचं म्हणणं असं, की दहा दिवसांत यान पृथ्वीभोवती दीडशेवर फेऱ्या मारतं, तेव्हा किलोमीटरमागे पाहिलं तर अंतराळ काय नि खासगी विमान काय, खर्च जवळजवळ सारखाच. मावशीने मान खाली घालून वाचलं. टाळ्या पडल्या.

पुढे बसलेल्या घड्याळांच्या व्यापाऱ्याने विचारलं, "एवढे किलोमीटर जाऊन पोचायचं कुठे?"

"इथंच," मावशी म्हणाली. "जिथून निघालात तिथंच."

लोक हसले. मालकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "मावशी, गंमत पुरे."

"गंमत कसली, साहेब? बावीस वर्षं मी पोचवण्याचे पैसे घेतले, गरगर फिरवण्याचे नाही! त्या एका जागेच्या पैशांत आपली सगळी माणसं जन्मभर विमानाने घरी गेली असती. आणि तुम्हाला माझं एक तिकीट जड झालं?"

चारचौघांत मालकांना हसणं भाग होतं. "अहो, एवढंच ना? दिलं तिकीट!"

तासाभराने ते तिच्या कॉम्प्युटरवर आलं. तारीख पाहून मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. महिन्यानंतरची होती.

"मी वर असताना खिडकी कोण सांभाळणार?" मालक दारातून म्हणाले. "नातवंड काय पळून जातंय?"

मावशी कीबोर्डकडे वळली. लोकांच्या तारखा बदलून बदलून तिचा हात बसला होता. अर्ध्या मिनिटात तिने उद्या सकाळची तारीख घातली, तिकीट छापलं आणि खिडकीची किल्ली मालकांच्या हातावर ठेवली.

"नोकरीचं काय ते तुम्ही बघा," ती म्हणाली. "पोर तिथे एकटी आहे. मला बॅग भरायचीय."