बयनाबाईंच्या लुगड्यांतलं दप्तर

लग्नघरात सगळ्यांत अवघड प्रश्न कोणता? जेवणावळीचा नव्हे, वरपक्षाच्या रुसव्याफुगव्यांचाही नव्हे. पाहुण्यांना झोपवायचं कुठे, हा खरा प्रश्न! १९८६च्या उन्हाळ्यात बेल्लमपल्ली या कोळसा खाणीच्या गावातल्या मोतीराम मास्तरांची झोप याच प्रश्नाने उडवली होती. मुलीचं लग्न बारा दिवसांवर आलं होतं आणि घरातली एक अख्खी खोली वडिलांच्या कागदांनी अडवली होती.

वडील चंपतराव म्हणजे कोळसा खाणीतल्या कामगारांच्या युनियनचे तीस वर्षं पुढारी. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती. अर्ज, सभांचे वृत्तांत, संपाची पत्रकं, सभासदांच्या याद्या. या माणसाने जन्मात एक चिठोरं फेकलं नव्हतं. कचेरीत कागद दिला की आपल्या प्रतीवर पोहोचेचा शिक्का घेतल्याशिवाय ते पायरी उतरत नसत. तो कागद घरी आला की त्यांची बायको बयनाबाई जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गठ्ठा बांधून ठेवी. तिला वाचता येत नव्हतं, पण कोणत्या लुगड्यात काय आहे ते बरोबर ठाऊक असे.

ती नातीच्या लग्नाची निमंत्रणं द्यायला बाजारहत्नूरला गेल्याचं पाहून मास्तरांनी डाव साधला. सगळे गठ्ठे सोडले, कागदांचा अंगणात ढीग घातला आणि फडकी धुवायला टाकली. रद्दीवाल्याला दुपारचा सांगावाही धाडला. शाळेत इतिहास शिकवणारा माणूस हा, बरं का! सात पिढ्यांच्या राजांच्या जन्मतारखा तोंडपाठ.

तेवढ्यात खाणीतला देवाजी सायकल टाकून धावत आला. "जय भीम, मास्तर! चंपतदादाचे कागद कोठी हायेत? मले या महिन्यात घरी बसवून राह्यले!"

"काऊन? तुमचं वय झालं असंल."

"कायचं झालं! भरती झालो तवा साहेबानं माह्या मिशा पाहून वय लिवलं. तीन वर्सं जास्तीचं! दादानं त्याच्यावर दरखास देल्ली होती, मान्य पन झाली होती. आता कचेरी मनते, आमच्याजवळ तो कागद नाई, तुमचा दाखवा. नोकरी गेली की क्वार्टर खाली करा लागते, अन् माही पोरगी यंदा दहावीत हाये. मास्तर, तो एक कागद द्या."

मास्तरांनी ढिगाकडे पाहिलं. हजारो कागद, एकमेकांत कालवलेले! देवाजीनेही पाहिलं. तो खाली बसला आणि एकेक कागद उलटून पाहू लागला.

दुपारच्या बसने बयनाबाई उतरल्या आणि दारातच थबकल्या. "हे का करून ठेवलं रे बापू?"

"माय, पाहुण्यायले जागा नोको का? जुने कागद, कोनाच्या कामाचे..."

देवाजीने मध्येच आपल्या वयाच्या अर्जाची अडचण सांगितली, तशा बयनाबाई मुलाकडे वळल्या.

"तू शाळेत राजायचा इतिहास शिकवतं ना? ते राजे कवा जन्मले, तुले कसं मालूम?"

"दप्तरात लिवलेलं असते, माय."

"त्यायच्या घरी लिवाले कारकून होते, जपाले पेट्या होत्या. हा देवाजी कवा जन्मला, ते कोन लिवन? कोन जपन? तुह्या बापानं लिवलं, म्या जपलं, अन् तू विकाले काढलं!"

मास्तरांची मान खाली गेली. पण माऊली तिथे थांबली नाही. पदर खोचून ढिगासमोर बसली. "वयाच्या दरखासची यादी ना? तवा तुही लहानी बहीन पोटात होती. भावानं जांभळं लुगडं घेतलं होतं, कच्च्या रंगाचं. लवकरच फाटलं, त्याच्यातच यादी बांधली. पयल्याच पावसाळ्यात रंग उतरला कागदाले. जांभळ्या कडेचे कागद येचा!"

आणि काय सांगावं! सारं घर कामाला लागलं. नवरी मुलगी हळदीची तयारी सोडून कागद वेचू लागली. रद्दीवाला आला, तोही गंमत वाटून खाली बसला. तासाभरात जांभळ्या कडेची यादी हाती आली. जन्मसाल कुणालाच ठाऊक नव्हतं म्हणून चंपतरावांनी प्रत्येकाच्या आईला विचारलं होतं, पोर झालं तेव्हा गावात काय घडलं. देवाजीच्या नावापुढे लिहिलं होतं: 'गावात पहिली आगगाडी आली त्या साली.' त्यापुढे साल, आईचा अंगठा, दोन साक्षीदार, साहेबाची मान्यतेची सही आणि खाली ठसठशीत शिक्का!

देवाजीने कागद कपाळाला लावला. मास्तर स्वतः त्याच्यासोबत कचेरीत गेले. चौथ्या दिवशी हुकूम फिरला. आणखी तीन वर्षं नोकरी! देवाजीने अख्ख्या आळीला पेढे वाटले.

पाहुणे मांडवात झोपले आणि कुणाचं काही अडलं नाही. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी म्हातारे कामगार मास्तरांभोवती जमले. "आमचं नाव हाये का, पाहा ना मास्तर!" मास्तर सगळ्यांत जुनी सभासद यादी वाचू लागले. एकेक जण "हाव, मीच तो!" म्हणून उठायचा आणि मांडवात हशा पिकायचा. वाचता वाचता मास्तर अडखळले. "बयनाबाई... कोळसा येचनारी... संपाच्या सभेत पहिली बोलली."

"माय, हे तू?"

बयनाबाई लाजल्या. "हाव, मीच ते. त्यायनं लिवून ठेवलं का? मले कवा सांगतलं नाई!"

मास्तरांना रडू आलं आणि हसूही आलं. इतकी वर्षं ते इतिहास शिकवत होते आणि तो रोज त्यांना भाकर वाढत होता!

मित्रहो, आज ती खोली मुलांसाठी आणि कामगारांसाठी खुली आहे. गठ्ठे लुगड्यांतच बांधलेले आहेत, फक्त प्रत्येकावर मास्तरांच्या हातची चिठ्ठी आहे. तुमच्याही घरात असा एखादा गठ्ठा असेल. तो विकण्याआधी सोडून वाचा. कष्टकऱ्यांचा इतिहास दुसरं कुणी जपणार नाही. तो आपला आहे, आपणच जपायचा आहे!