मला घासू नका

मित्रांनो, मी एक जुना, पोचे आलेला अॅल्युमिनियमचा मग आहे. माझी गोष्ट गोड नाही, आधीच सांगतो. मी चिडलेला आहे.

फौजेच्या भांडारातून मी प्रबोधच्या हाती आलो. तेव्हा तो वीस वर्षांचा जवान होता. सकाळचा चहा, दुपारची डाळ, दाढीचं पाणी, सगळं माझ्यातच! मला केवढा अभिमान वाटायचा.

एके दिवशी धावपट्टीवरचं गवत मारायचा हुकूम सुटला. पिंपं आली. हातमोजे आले नाहीत, मापही आलं नाही. साहेब म्हणाले, "गवताचं औषध आहे रे! माणसाला काय होतंय?" आणि जीपमध्ये बसून निघून गेले. प्रबोधनं खिळ्यानं माझ्या आत एक रेघ ओढली. इथपर्यंत औषध, बाकीचं पाणी पंपात. रेघेखाली तारीख घातली. भांड्यावर नाव घालायची आपली रीतच ना! म्हणून माझ्या बुडावर फवारणाऱ्या चौघांनी आपापलं नाव आणि गाव कोरलं. दोन महिने मी दिवसभर ते विष मोजलं आणि संध्याकाळी राखेनं घासून घेऊन त्याच चौघांना चहा पाजला. मला तोंड असतं तर बोंब ठोकली असती!

फौज सुटल्यावर प्रबोध सिंगापूरला आला, तुआसला जहाजांच्या इंजिनांच्या कामावर. क्लेमेंटीच्या फ्लॅटमध्ये मी ओट्यावर असायचो. २००६ साली त्याच्या मानेला गाठी आल्या. कॅन्सर निघाला.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तणनाशक कधी हाताळलंत?"

"हो, पण ते गवतासाठी होतं," प्रबोध म्हणाला. अजूनही साहेबांचंच वाक्य!

"त्यानंच झालं असं छातीठोकपणे सांगता येत नाही. पण धोका वाढतो. बरोबरच्यांना लवकर तपासून घ्यायला सांगा."

सांगणार कुणाला? पंचवीस वर्षांनी त्याला फक्त टोपणनावं आठवत होती. त्यानं फौजेच्या कार्यालयाला पत्र लिहिलं. उत्तर आलं, अशी फवारणी झाल्याची नोंद नाही. नोंद नाही म्हणे! मग मी काय अमृत मोजत होतो?

ते पत्र वाचून त्याची बायको संजीवनी माझ्यावरच उलटली. "ह्या मेल्यातूनच विष प्यायलात तुम्ही!" असं म्हणून तिनं मला भिंतीतल्या, कचरा खाली टाकायच्या झडपेत कोंबलं.

"डोन्ट थ्रो लाह, आई!" त्यांच्या लेकीनं, दीक्षानं, मला ओढून काढलं. "बुडाला काहीतरी लिहिलंय."

निशिकांत. दीनानाथ. संजीव. प्रत्येकापुढे गाव.

चार दिवस फोन चालले. दीनानाथची बायको म्हणाली, "पाच वर्षं झाली त्यांना जाऊन. गाठीच होत्या." संजीव धडधाकट होता, तपासून घेतो म्हणाला. निशिकांतनं मात्र आधी खोलीचं दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"माझ्याही मानेत आहे एक," तो हळूच म्हणाला. "बारीक आहे. घरात कुणाला सांगितलं नाही."

"अरे गाढवा, आजच्या आज दवाखाना गाठ!" प्रबोध ओरडला आणि फोन ठेवून ढसाढसा रडला. निशिकांत दवाखान्यात गेला. वेळेत गेला.

दीक्षानं माझे फोटो त्या कार्यालयाला पाठवले. अजून उत्तर नाही.

काल संजीवनीनं सवयीनं घासणी उचलली आणि प्रबोधनं तिचा हात धरला. मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तू गोष्टीच्या शेवटी सांगतात, आम्हाला लख्ख ठेवा. मी नाही सांगणार. ज्यांच्याकडे नोंद नाही त्यांच्या टेबलावर मला नेऊन आपटा. तोवर मला घासू नका. दीनानाथचं नाव आधीच पुसट झालं आहे.