पाहुण्यांची गाडी

कापसाचा भाव आणि माणसांची मरणं यांच्या बातम्या पेपरात रोज शेजारी-शेजारी येत होत्या, त्या वर्षांत अमरावतीला पाहुण्यांचा काही तोटा नव्हता. कुणी कॅमेरे घेऊन यायचं, कुणी प्रश्नावल्या घेऊन. ही वर्दळ पाहून राजकमल चौकातल्या एका ट्रॅव्हलवाल्याने रविवारची अर्ध्या दिवसाची सहल काढली. दोन बुद्धविहार आणि सातपुड्याच्या पायथ्याचं एक कोरकू गाव. माहिती सांगायला त्याने ललिता तायडेला धरलं. ललिता एका कॉलेजात तासिका तत्त्वावर पाली शिकवायची. उन्हाळ्यात तास बंद, म्हणून ती हो म्हणाली, आणि तेव्हापासून दर रविवारी पस्तावत होती.

त्या रविवारी पुण्याचे आगाशे नवरा-बायको होते. गाडी नेहमीप्रमाणे अन्सारभाईंची. अजून शहर मागे पडलं नव्हतं, तोच आगाशे पुढे वाकले.

"मॅडम, वाटेत आत्महत्या झालेलं एखादं घर लागतं का? पाच मिनिटं थांबू."

अन्सारभाईंनी आरशातून ललिताकडे पाहिलं. "ते आपल्या सहलीत नाही, सर," ती म्हणाली.

"नाही, म्हणजे वाटेतच असलं तर."

आगाशेबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. नवऱ्याचं बोलणं त्यांच्या कानावरून जात असावं, आत शिरत नसावं.

पहिल्या विहाराला कुलूप. किल्ली अध्यक्ष शालिकरामकडे, आणि शालिकराम भाचीच्या सोयरिकीला चांदूर बाजारला. ललिताने फोन लावला, तर तो म्हणाला, "ताई, आलोच समजा!" मागून बायकांचा हसण्याचा आवाज येत होता. जेवणं चालली होती. आदल्याच दिवशी त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, किल्ली घेऊन दारातच उभा राहतो म्हणून. तिने फोन बंद केला आणि पाहुण्यांना खिडकीच्या जाळीतून मूर्ती दाखवली.

"हे तर सिमेंटचं आहे," आगाशे म्हणाले. "लेणी वगैरे काही नाहीत का?"

"इथे नाहीत. हा विहार लोकांनी स्वतः बांधलाय. दिवसभर दुसऱ्याच्या वावरात राबायचं आणि संध्याकाळी इथे विटा वाहायच्या."

"हो, ते ठीक आहे. पण जुनं काय आहे?"

ललिता गाडीकडे वळली. ऊन असं चढलं होतं की गाडीचं दार हाताला चटकत होतं.

दुसरा विहार तिच्या माहेरच्या गावात. हे तिने पाहुण्यांना कधीच सांगितलं नव्हतं. वंदना नुकतीच संपली होती आणि तिची आई पार्वताबाई, पांढरं लुगडं नेसून, ओट्यावर बसली होती. लेक दिसताच म्हातारी म्हणाली, "आली काय व माय? मागच्या रविवारीबी पाहुण्यासंगच आली, अन् पान्याचा घोटबी न घेता गेली."

"आई, वेळ नाही."

"तुले कधीच वेळ नाही. यायले दाखवाले आमी, अन् आमाले पाहाले कोन?"

"या कोण?" आगाशे कॅमेरा काढत म्हणाले. "त्यांना जरा उजेडात बसवता का? चेहरा छान आहे."

"माझी आई आहे ती."

"अरे वा! मग तर काम सोपं झालं."

पार्वताबाईंनी पदर डोक्यावर ओढला, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि कुणाकडे न बघता घराकडे निघून गेल्या. त्यांच्यामागे जावं असं ललिताच्या फार मनात होतं. पण आगाशे मूर्ती कुठल्या देशातून आली ते विचारत होते, आणि ती सांगत राहिली. सांगताना आपलाच आवाज तिला शाळेतल्या पाठांतरासारखा वाटला. चीड आगाश्यांची येत होती, आईची येत होती, आणि सगळ्यात जास्त स्वतःची.

परतवाडा ओलांडून गाडी कोरकू गावात शिरली. समोरासमोर घरांच्या दोन सरळ रांगा, मधे झाडून लख्ख केलेला रस्ता. पण आज रस्त्यावर सारा गाव नवे कपडे घालून उभा होता. ढोलवाले ढोल गळ्यात अडकवून नुसतेच बसले होते.

"भाई, बरं झालं तुमी आले!" मोतीराम धावत पुढे आला. त्याच्या पोराचं लग्न होतं. वरात न्यायला येणारा ट्रॅक्टर वाटेतच मोडून पडला होता, आणि नवरीचं गाव घाटापलीकडे.

"इथे कुपोषण कितपत आहे हो?" आगाश्यांनी त्यालाच गाठलं.

मोतीरामने त्यांना खालून वर पाहिलं. "त्याच्यासाठी मंगळवारी या. मंगळवारी वजन करनारी बाई येते. आज पोराचं लगन आहे."

एवढ्यात नवरदेवाची आजी, चतुराबाई, गाडीचं पुढचं दार उघडून आत बसलीसुद्धा. मांडीवर गाठोडं, पायांत चांदीचे वाळे. "चाल रे बापू," ती अन्सारभाईंना म्हणाली.

"मॅडम, काय करू?" अन्सारभाईंनी विचारलं. त्यांचा हात मात्र किल्लीवर होता.

"अहो, ही गाडी आमची आहे!" आगाशे ओरडले. "हे काय चाललंय? आणि जायचंच असेल तर आधी इथे त्यांना जरा नाचायला सांगा. दोन-चार फोटो होऊ देत, मग जाऊ देत."

ललिताच्या डोक्यात सकाळपासून जे काही तापत होतं ते तिथे उतू गेलं.

"भाई, न्या त्यांना. बसतील तेवढी बसवा, आणि उरलेल्यांसाठी परत या."

"मॅडम, आमची संध्याकाळी बडनेऱ्याहून पुण्याची गाडी आहे!"

"माहीत आहे मला. नाच बघायचा असेल तर लग्नात बघावा लागेल. सांगितलं म्हणून कुणी नाचत नाही इथे."

आगाशे काही बोलणार, तोच त्यांची बायको गाडीकडे चालू लागली. "मी जाते यांच्याबरोबर," त्या म्हणाल्या.

"अगं, पण—"

"तुम्ही बसा इथे. शोधा काय शोधायचं ते."

तोवर मागे चढलेल्या बायका सरकल्या, कुणीतरी आपलं पोर आगाशेबाईंच्या मांडीवर दिलं आणि गाडी धुरळा उडवत निघाली.

मग ललिता आणि आगाशे मोहाच्या झाडाखाली बसून राहिले. दुसऱ्या खेपेला नवरदेव गेला, तिसरीला ढोलवाले. गाव रिकामं होत गेलं. बघण्यासारखं काही उरलं नाही. आगाशे घड्याळ बघायचे, तिच्याकडे बघायचे, ट्रॅव्हलवाल्याला काय-काय सांगणार आहेत ते सांगायचे. ती ऐकून घेत होती. "हो" सुद्धा म्हणत नव्हती. इतके रविवार ती न थांबता बोलली होती, आणि आता गप्प बसताना तिला जिभेला विसावा मिळाल्यासारखं वाटलं.

शेवटच्या खेपेत ते दोघे गेले. नवरीच्या दारी बायकांची रांग हातात हात गुंफून नाचत होती आणि आगाशेबाई त्या रांगेत होत्या. केस सुटलेले, चेहरा लालबुंद, पाय सारखे चुकत होते आणि शेजारच्या पोरी त्यांना हसत-हसत ओढून नेत होत्या. आगाश्यांनी कॅमेरा वर केला, तशी चतुराबाई समोर आली आणि त्यांच्या हातात जेवणाची पत्रावळ ठेवली. आता कॅमेरा धरावा की पत्रावळ? थोडा वेळ ते तसेच उभे राहिले, मग खाली बसले आणि जेवले. भूक लागली होती, दोनदा भात मागितला.

बडनेऱ्याला पोचले तेव्हा पुण्याची गाडी गेली होती. आगाशे फलाटावर मोठमोठ्याने बोलत होते. आगाशेबाईंनी बाकावर बसून चपला काढल्या आणि पाय चोळत ललिताला म्हणाल्या, "तुम्ही निघा आता. यांचं मी बघते."

ललिताने माफी मागितली नाही. मागायची होती, पण ती तशीच अन्सारभाईंच्या गाडीत जाऊन बसली.

सोमवारी ट्रॅव्हलवाल्याचा फोन आला. आगाशे त्याच्यावर बरंच बरसले होते. तोही तिच्यावर बरसला आणि शेवटी म्हणाला, "आता पुढच्या रविवारचं बोला."

"दुसरं कोणी बघा," ललिता म्हणाली, आणि कुकरची शिटी झाली म्हणून फोन ठेवून स्वयंपाकघरात गेली.