फौजदाराने ओळख दाखवली नाही

मोठी आणि धाकटी सख्ख्या काय, चुलत बहिणीही नव्हत्या. दोघींच्या वयात जेमतेम तीन महिन्यांचं अंतर. पण एकोणीस वर्षं एका घरात काढल्यावर शेजारपाजाऱ्यांनी त्यांना बहिणी करून टाकलं होतं, आणि त्यांनीही ते कधी खोडून काढलं नाही. मोठी एका कपड्यांच्या दुकानात मागच्या बाजूला मशीनवर बसायची. कुणाची पँट आखूड कर, कुणाच्या कोटाची कंबर सोड, असं तिचं काम. धाकटी टपाल कार्यालयात खिडकीवर. दोघींनी लग्न केलं नव्हतं आणि आता करतील असं कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. एकोणपन्नासाव्या वर्षी धाकटीने केलं.

नवरा विधुर, तिच्याच खात्यातला, सात तासांच्या अंतरावरच्या गावचा. माणूस चांगला होता. त्याच्यात खोट काढायचा मोठीने बराच प्रयत्न केला, पण हाती काही लागलं नाही.

निघायच्या दिवशी, बॅगा दाराशी आल्यावर धाकटी म्हणाली, "फौजदाराला मी नेते. त्याला मीच आणलं होतं."

फौजदार म्हणजे ससा. राखाडी, रुंद छातीचा, आणि मनाविरुद्ध काही झालं की मागचा पाय दाणकन आपटणारा. त्याची जोडीदारीण कापशी पांढरीशुभ्र आणि एक नंबरची आळशी. चार वर्षं दोघं एकमेकांना इतकी चिकटून झोपायची की कुणाचे कान कुठले ते कळायचं नाही.

"जोडी तोडू नये," मोठी म्हणाली. "एकाने उठून चालायला लागायचं आणि मागे राहील त्याने काय करायचं? भिंतीकडे बघत बसायचं?"

शब्द तोंडातून गेला तो गेला. धाकटीने बॅगा उचलल्या आणि ती जिना उतरली. ससे दोन्ही राहिले. त्यानंतरच्या आठ महिन्यांत 'पोचले', 'बरी आहेस ना', 'हो' यापलीकडे दोघींमध्ये काही गेलं-आलं नाही.

मग एका सकाळी कापशीच्या ट्रेमध्ये रक्ताचा डाग दिसला.

प्राण्यांची डॉक्टर तरुण पोरगी होती. तिने कापशीचं पोट बोटांनी चाचपलं आणि म्हणाली, "मावशी, हिचं गर्भाशय काढावं लागेल. सशांच्या माद्यांना या वयात गाठी होतात. अजून वेळ गेलेली नाही." मग तिने दोन गोष्टी बजावल्या. एक, ऑपरेशनच्या दिवशीही कापशीला उपाशी ठेवायचं नाही, कारण सशाचं पोट रिकामं राहिलं की आतडीच थांबतात. दुसरी, जमलं तर जोडीदारालाही बरोबर आणायचं. दोघं मिळून आली, मिळून परत गेली, की दोघांच्या अंगाला वास एकच राहतो.

पहिली गोष्ट मोठीने तंतोतंत पाळली. दुसरी पाळली नाही. तिच्याकडे पिंजरा एक, हात दोन, आणि फौजदार गाडीत बसला की आकाशपाताळ एक करणारा. धडधाकट जिवाला कशाला उगाच दवाखाना दाखवायचा, असं तिने ठरवलं. तिथे तिचं चुकलं.

संध्याकाळी कापशीला घरी आणली. पोटावरची लव कुशीपर्यंत काढलेली, मधोमध टाके. मोठीने ते कारागिराच्या नजरेने पाहिले. बारीक होते, एकसारखे होते. तिला जरा धीर आला. धाकटीची खोली रिकामीच होती. तिथे जमिनीवर जुने टॉवेल अंथरून तिने कापशीची सोय केली. उड्या मारायला काही राहू नये म्हणून खुर्चीसुद्धा बाहेर काढली आणि दारात तारेची जाळी उभी केली. जाळीपलीकडे फौजदार.

डॉक्टरने दिलेली पूड पाण्यात कालवून, बिनसुईच्या पिचकारीने, तोंडाच्या कडेने थोडी थोडी भरवायची होती. कापशीला मांडीवर घेऊन ती भरवत राहिली. निम्मं आत, निम्मं हनुवटीवर. "उद्या दुपारपर्यंत लेंड्या पडल्या नाहीत तर मला लगेच फोन करा," असं डॉक्टरने सांगितलं होतं.

सकाळ झाली. लेंडी नाही. कापशी पाठीचा बाक करून कोपऱ्यात बसलेली, दात करकर वाजवत. दुखत असलं की ससे असे दात वाजवतात. मोठीने औषधाचे थेंब दिले. कोथिंबिरीची काडी नाकाशी धरली, तर कापशीने तोंड फिरवलं. दुकानातून सुट्टी घेतलेली, त्यामुळे करायला दुसरं काही नव्हतं. दर अर्ध्या तासाने टॉवेल उचलायचा, बघायचं, परत ठेवायचा. बारा वाजले तरी काही नाही.

दीड वाजता टॉवेलखाली पाच लेंड्या होत्या. लहान, वेड्यावाकड्या, मिऱ्यांसारख्या.

"शाब्बास गं माझी बाय!" मोठी एवढ्या मोठ्याने ओरडली की जाळीपलीकडे फौजदाराने पाय आपटला. तिने टेबलावरचा फोन उचलला. बोट आपोआप धाकटीच्या नावावर गेलं, आणि तिथेच थांबलं.

सांगायचं काय? लेंड्या पडल्या? मग ऑपरेशनचं सांगायला हवं. त्याआधी रक्ताचं. आणि त्याच्याही आधी, आठ महिने फोन का केला नाही ते. पाच लेंड्यांसाठी एवढं मागचं सगळं कुठून सुरू करणार? तिने दुसरं कुणी आठवून पाहिलं. दुकानाचे मालक या वेळी जेवत असतील. शेजारीण ऐकून घेईल आणि मग बाहेर चार जणींना हसून सांगेल. मोठीने फोन खाली ठेवला आणि लेंड्या पुन्हा मोजल्या. पाचच होत्या. एवढा आनंद झालाय आणि तो ठेवायला जागा नाही, असं तिला आयुष्यात पहिल्यांदाच झालं. ती तिथेच जमिनीवर बराच वेळ बसून राहिली.

कापशी दोन दिवसांत खायला लागली, आठवड्यात टुणटुणीत झाली. फौजदार मात्र जाळीकडे पाठ करून बसायचा. रुसलाय, असं मोठी समजली. बाराव्या दिवशी डॉक्टरने जखम भरल्याचं सांगितलं, तेव्हा घरी येऊन तिने हौसेने जाळी काढली.

फौजदार पुढे आला. त्याने कापशीची मागची बाजू हुंगली. मग क्षणात दोघांचं एक गरगर फिरणारं भेंडोळं झालं आणि पांढऱ्या केसांचे पुंजके हवेत उडाले. मोठीने मध्ये हात घातला आणि अंगठ्याला कडकडून चावा खाल्ला. कापशी खोलीच्या कोपऱ्यात भिंतीला चिकटली. कानाच्या टोकाला रक्त.

"तिला दवाखान्याचा वास लागला, शिवाय ऑपरेशननंतर अंगाचाही वास बदलतो," डॉक्टर फोनवर म्हणाली. "त्याच्या दृष्टीने घरात कुणी परकी घुसलीये. आता ओळख पहिल्यापासून करून द्यावी लागेल, मावशी."

"किती दिवस लागतात?"

"काही जोड्या दोन-तीन आठवड्यांत जमतात. काही पुन्हा जमतच नाहीत."

अंगठ्याला पट्टी बांधून मोठी बसली. आता काय, हा प्रश्न एकाच माणसाला विचारता येत होता. तिने फोन लावला.

"अगं?" धाकटीचा आवाज घाबरलेला. "काय झालं? तू बरी आहेस ना?"

"मी बरी आहे. ससे भांडलेत."

मग तिने सगळं सांगितलं, रक्तापासून अंगठ्यापर्यंत. लेंड्यांचंही सांगितलं, पण शिळ्या बातमीत राम नव्हता. धाकटीने मध्ये न बोलता ऐकून घेतलं.

"त्याला पहिल्यांदा आणला ते आठवतंय?" ती म्हणाली. "तेव्हा कापशीच त्याच्या अंगावर धावून जायची. मग आपण दोघी त्यांना घेऊन बाथरूममध्ये बसायचो. कारण ती जागा तिची नव्हती आणि त्याचीही नव्हती."

"बाथरूम आता त्याचंच झालंय. गरम होतं म्हणून दिवसभर तिथेच पडून असतो."

"मग दुसरी जागा शोध. दोघांपैकी कुणीच पाऊल न ठेवलेली. आणि नाहीच जमलं, तर फौजदाराला माझ्याकडे पाठव. दोघांना दोन खोल्यांत किती दिवस कोंडून ठेवशील?"

या वेळी 'जोडी तोडू नये' म्हणायला मोठीला तोंड नव्हतं. "बघू," ती म्हणाली.

कामाला लागायचं म्हणून ती लागली. रोज सकाळी कापशीचा टॉवेल फौजदाराकडे, फौजदाराचा कापशीकडे. दिवसाआड दोघांच्या जागांची अदलाबदल. पाल्याच्या ताटल्या जाळीच्या दोन बाजूंना, आधी हातभर लांब, मग वीतभर, मग जाळीला टेकवून. फौजदार खायचा, पण डोळे वटारून. दुसरी जागा मात्र तिला सुचेना. सुचली ती मशीनवर बसल्या बसल्या.

"मालक, दुकान उघडायच्या आधी रोज तासभर ट्रायल रूम द्याल का?"

मालकांनी चष्मा नाकावर उतरवला. "कशाला?"

"दोन सशांची ओळख करून द्यायची आहे."

"स्थळं जमवायला लागलीस की काय?"

"जुनंच स्थळ आहे. बिनसलंय."

मालकांनी तिच्या अंगठ्यावरच्या पट्टीकडे पाहिलं. "एक केस जरी कुणाच्या कोटाला सापडला ना..." असं म्हणत त्यांनी किल्ली काढून दिली.

ट्रायल रूममध्ये मांडी घालून बसलं की गुडघे दोन्ही भिंतींना लागत. पहिल्याच दिवशी फौजदाराने आरसा पाहिला आणि आत तिसरा ससा बघून इतका पाय आपटला की मोठीला अस्तराचं कापड आणून आरसा झाकावा लागला. कापशी एका बाजूला, फौजदार दुसऱ्या, मध्ये मोठीची मांडी. दहा मिनिटं, आणि घरी. दुसऱ्या दिवशी त्याने झेप घेतली. तिने उशी मध्ये घातली. चौथ्या दिवशी दोघांनी एका ढिगातला पाला खाल्ला, एकमेकांकडे ढुंकूनही न बघता. सहाव्या दिवशी पुन्हा केस उडाले, आणि घरी परतताना मोठी मनात शब्द जुळवायला लागली: घेऊन जा बाई, तुझा आहे.

नवव्या सकाळी कापशी आपण होऊन पुढे सरकली. पोट जमिनीला टेकवून, कान पाडून, तिने डोकं फौजदाराच्या हनुवटीखाली घातलं आणि तशीच पडून राहिली. फौजदार दगडासारखा. मग त्याने तिची कूस हुंगली, जिथे नवी लव खुंटासारखी उगवत होती. बराच वेळ हुंगली. आणि तिचं कपाळ चाटायला लागला.

तेवढ्यात बाहेरून शटर खडखडलं.

"थांबा!" मोठी आतून ओरडली. बावीस वर्षांत ती मालकांवर पहिल्यांदाच ओरडली होती. मालक थांबले. बाहेर आलेल्या दोन गिऱ्हाइकांनाही त्यांनी पाव तास थांबवून ठेवलं. काय सांगून, ते त्यांनी तिला कधी सांगितलं नाही. मोठीचे दोन्ही पाय बधिर झाले होते, तरी ती हलली नाही.

दुपारी तिने फोन केला. "जमलं."

"जमलं?" धाकटी म्हणाली. "बरं झालं. मी गवत आणून ठेवलं होतं. एक ट्रेही घेतला. म्हटलं, पाठवलंसच तर ऐनवेळी धावपळ नको."

एवढे महिने मोठीने मनात धाकटीला भरल्या घरात बघितलं होतं. त्या घरात गवत आणून वाट बघणारं कुणी असेल, हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

"तुझं कसं चाललंय गं तिकडे?" तिने विचारलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

"चांगलं आहे. हे चांगले आहेत. पण त्यांची मुलगी मला 'तुम्ही' म्हणते. आणि स्वयंपाकघरात मी अजून विचारून डबे उघडते."

"नऊ महिने झाले की."

"झाले ना."

"त्या दिवशी मी जे बोलले..."

"राहू दे," धाकटी म्हणाली. "मला तर बरं वाटलं होतं. थांब असं दुसरं कुणी म्हणालंच नव्हतं."

पुढच्या महिन्यात ती दोन दिवसांसाठी आली. फौजदार तिला बघून तासभर पाय आपटत होता. तिचे डोळे भरून आले. "विसरला गं मला."

"बसून राहा नुसती. हात पुढे करू नकोस," मोठीने सांगितलं.

धाकटी भिंतीला टेकून बसून राहिली. मोठी शेजारी बसून कुणाच्या तरी पँटची किनार उसवत होती. बोलणं फार झालं नाही. एकोणीस वर्षांतही ते फार होत नसे. दुसऱ्या दिवशी दुपारी फौजदार आला, तिच्या पावलावर हनुवटी घासली आणि आल्या वाटेने कापशीकडे परत गेला. तेवढंच. धाकटीची बस चारची होती.

मोठी सोडायला गेली. "परत कधी येऊ?" खिडकीतून धाकटीने विचारलं.

"कधीही ये. मी कुठे जातेय?"

बस गेली. जिना चढताना मोठीच्या लक्षात आलं की उद्या दुकानाला सुट्टी. म्हणजे परवा सकाळपर्यंत तिला कुणाशी एक शब्द बोलायचं कारण नाही. आत ससे एकमेकांना लगटून गाढ झोपले होते. त्यांची झोपमोड नको म्हणून तिने दिवा लावला नाही. खिडकीशी उजेड होता, तिथे बसून ती संध्याकाळचा पाला निवडायला लागली.