चंदनबालाबाईंची डबेतपासणी

सांगलीच्या चंदनबालाबाईंना डब्यावरचं वाचायची खोड लागली ती जैन धर्मापायी. बाजारच्या जिनसेत कांदा, लसूण, बटाटा शिरला नाही ना, एवढंच आधी त्या बघायच्या. पुढं आकडेही वाचू लागल्या, आणि मग घरात कुणाचा घास सुखानं घशाखाली उतरेना. नवरा मदनराव साध्या बिस्किटाला हात लावायचे, तेही बायकोच्या तोंडाकडं बघून.

नवऱ्याचं एक वेळ सोडा, पण पोरीनं काय घोडं मारलं होतं? आईच्या चौकश्यांपायी प्रीतीची तीन स्थळं आली तशी गेली. एका होणाऱ्या व्याह्याला तर बाईंनी भर बैठकीत रक्तातली साखर विचारली होती! आता चौथं स्थळ कराडचं. मुलाचं नाव अतिशय, वडील दादासो, घेवडा म्हणजे राजमा शिजवून डबाबंद करायचा घरचा कारखाना. प्रीतीला मुलगा मनापासून आवडला होता. "आई, तुझ्या पाया पडते, आज गप्प बस," तिनं सकाळीच बजावलं.

"मी कशाला बोलतेय?" बाई म्हणाल्या.

घ्या! पाहुणे टेकले, दादासोंनी कौतुकानं आपल्या कारखान्याचा डबा पुढं ठेवला, आणि बाईंनी तो फिरवून वाचला. तरातरा आत जाऊन त्यांनी मुंबईच्या एका कंपनीचा घेवड्याचा डबा आणला.

"यांच्या घेवड्यात शंभर ग्रॅमला प्रथिनं आठ, तुमच्यात पाच. तीन गेली कुठं?"

प्रीतीनं डोळे मिटून घेतले.

दादासो हसले. "आवं वैनी, त्यो डबा बी आमीच भरतो. कंपनी नुसतं लेबल धाडती. घेवडा त्योच, कढई तीच."

"मग एकाचा आकडा खोटा!"

"न्हाई. त्यांनी पाणी निथळून नुसता घेवडा मोजला. आमी डब्यात हाय तसा, पाण्यासकट मोजला. पाण्यात कुठली आलीत प्रथिनं? आकडा छापायचा, एवढा कायदा हाय. कसा मोजायचा, ते ज्याचं त्यानं ठरीवलंय."

शहाणं माणूस इथं थांबलं असतं. पण बाईंच्या अंगात आलं होतं. बिनकांद्याच्या पोह्यांच्या बशा बाजूला सारून त्यांनी दोन्ही डबे फोडले, चाळणीत निथळले आणि घरातली तागडी आणवली. पोहे गार होत होते, पाहुणे माना लांब करून काट्याकडं बघत होते. दोन्ही पारड्यांत घेवडा सारखाच भरला.

तरी बाई हटेनात. "म्हणजे आकडा भारी दिसावा म्हणून निथळायचं! असली लबाडी मला खपत नाही. माणसानं आहे तेवढंच सांगावं."

दादासोंचं हसू मावळलं. त्यांनी खिशातून मुलीच्या माहितीचा कागद काढला. "आता आमी एक इचारू? ह्यात पोरीची उंची पाच फूट चार लिवलीया. मगाशी ती अतिशयच्या शेजारी हुबी ऱ्हायली, मला काय तेवढी दिसंना. कुणी मोजली?"

मोजली बाईंनीच होती. पोरगी जरा पोक काढून उभी राहते, हे उत्तर त्यांच्या जिभेवर तयारही होतं. पण समोर प्रीती पदरानं डोळे पुसत होती. हेही स्थळ आपल्याच जिभेनं घालवलं की!

"टाचेच्या चपलेसकट मोजली," त्या पुटपुटल्या.

"आं? जरा मोठ्यानं."

"चपलेसकट!"

"मग झालं की वैनी! आमचा घेवडा पाण्यासकट, तुमची पोर चपलेसकट. आणा सुपारी, आत्ताच फोडू!"

मदनराव एवढे हसले की त्यांना ठसका लागला. पाणी द्यायलाही बाई उठल्या नाहीत.