दोन टोकांची सुई

दामिनी कटरेचं पत्र येऊन अकरा महिने झाले होते आणि मी उत्तर दिलं नव्हतं. ती मूळची आमच्या शेजारच्या गोरेगावची, आता बंगळुरूच्या एका प्रयोगशाळेत संशोधन करते. तिने लिहिलं होतं, ‘सर, तुमच्या चित्रात सोन्यावरचे रेणू जोडीजोडीने उभे आहेत. दोन वर्षं झाली, मला ते एकेकटेच दिसतात. गाइड म्हणतात, माझा हातच चांगला नाही. तुम्ही वेगळं काय केलं होतंत?’

ते चित्र माझ्या एकुलत्या एका शोधनिबंधातलं. सत्तावीस वर्षांपूर्वी कॉलेजातून रजा घेऊन पुण्याला केलेला. सोन्याचा पातळ थर द्रावणात बुडवून ठेवला की गंधकाचं टोक असलेले रेणू त्यावर आपले आपणच ओळीने उभे राहतात. मग त्यांच्यावरून अतिशय बारीक टोकाची सुई, न टेकवता, फिरवायची. पडद्यावर चित्र उमटतं. सुई आम्हीच करायचो, तार पक्कडीने तिरकी ओढून तोडायची.

माझ्या त्या सुईला दोन टोकं आली होती. म्हणून प्रत्येक रेणू दोनदा उमटला. निबंध छापून येण्याआधी नवी सुई लावली, तर रेणू एकेकटे. थर बिघडला असेल, असं मी ठरवून टाकलं. एरवी कुलूप लावलं की नाही याचीही मला खात्री नसते.

परवा गिरजा, माझी बायको, धानाच्या रोवणीवरून आली, तर टेबलाखाली कागदांचे बोळे.

“काऊन जी, चिठ्ठी लिवून राहिले का चेंडू बनवून राहिले?”

मी सगळं सांगितलं. चिखलाच्या पायांनी ती उंबऱ्यातच बसून ऐकत होती.

“मंग तिले दिसते थे खरं हाये?”

“हो.”

“अन् थे पोरगी तीन सालापासून आपलाच हात खराब समजून राहिली?”

“निबंध मागे घ्यावा लागेल, गिरजा. माझ्या नावावर दुसरं काही नाही.”

“पस्तीस साल पोट्टे शिकवले, थे कोनाच्या नावावर हायेत?” म्हणत ती पाय धुवायला गेली.

मी लिहिलं, ‘तुमचा हात चांगला आहे. माझ्या सुईला दोन टोकं होती. हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.’ शेवटचं वाक्य खोडलं. ‘हे मला तेव्हाच कळलं होतं. पत्र गाइडना दाखवा. नियतकालिकालाही कळवतो आहे.’

सडक अर्जुनीच्या पोस्टात श्यामलालने पाकीट उलटंपालटं केलं.

“सर, मांगं तुमचं नावच नाही.”

मी त्याच्याकडून पेन घेतलं, पूर्ण नाव लिहिलं, आणि पाकीट खिडकीतून आत सरकवलं.